स्टेजवर गेल्यावर पळणारी भीती खाली उतरल्यावर परत का येते?

गंगाखेड तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. वय २२, बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दोन वर्षं युवक महोत्सवात एकांकिका केली. स्टेजवर गेले की भीती जाते, खाली उतरले की परत येते. बँकेत साहेबांशी बोलायचं म्हटलं तरी तोंडाला कोरड पडते. आमचे सर म्हणतात अभिनयानं व्यक्तिमत्त्व घडतं. वडील म्हणतात त्यानं पोट भरतं का, भरतीचा फॉर्म भर. अभिनयातून मला माणूस म्हणून नेमकं काय मिळेल? आणि हा व्यवसाय मी करावा का? आधी सराव म्हणून परभणीच्या एखाद्या गटात जायचं म्हटलं, तर गावाहून रोज तालमीला जाणं जमेल का?"

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणते. मी मूळची जालन्याची. १९९६ पासून नाटक करते. मधली सहा वर्षं मुंबईत होते, मालिकांत आणि व्यावसायिक नाटकांत लहानमोठी कामं केली. गेली १५ वर्षं परभणीत तालमी घेते, शाळा-कॉलेजांत शिबिरं घेते. जे सांगते ते एवढ्या अनुभवावरून.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांना चिकटून आलेत. अभिनय शिकून काय मिळतं, हा एक. अभिनयावर घर चालतं का, हा दुसरा. तुझे सर पहिल्याचं उत्तर देतात, वडील दुसरा प्रश्न विचारतात, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. तुझी ओढाताण होते, कारण सरांचं उत्तर तू वडिलांच्या प्रश्नाला लावून बघतेस आणि ते लागत नाही. माझं मत मी आधीच सांगून टाकते. अभिनयातून माणसाला जे मिळतं, ते जवळजवळ सगळं तालमीत मिळतं. त्यासाठी व्यवसाय करावा लागत नाही. आणि व्यवसाय केला म्हणून ते मिळतंच असंही नाही. मुंबईत महिनोन् महिने रोज मेकअप करून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, पण माणूस म्हणून मी जी काही वाढले ती जालन्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात ते दहाच्या तालमीत.

आता तुझी भीती. तू लिहिलेलं ते एक वाक्य मला तुझ्या सगळ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्टेजवर तुझ्या मनाला भरपूर काम असतं. समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं उचलायचं, तिसऱ्या पावलाला वळायचं, प्रकाशात येऊन थांबायचं, हातातला तांब्या सांडू द्यायचा नाही. एवढ्या कामात 'मी कशी दिसत असेन' या विचाराला बसायला जागाच मिळत नाही. बँकेत मनाला काही काम नसतं, मग ते तुझ्याकडंच बघत बसतं. स्टेजवर तू धीट होतेस म्हणून भीती जाते, असं नाही. तुझं लक्ष दुसरीकडं असतं म्हणून जाते.

हे एकदा कळलं की पुढचं कळतं. अभिनय आपल्याला आत्मविश्वास देतो असं सगळे म्हणतात. माझ्या अनुभवात तो लक्ष देतो. लक्ष स्वतःवरून उचलून समोरच्या माणसावर, त्याच्या बोलण्यावर, हातातल्या कामावर ठेवायचं कसब देतो. पण हे कसब स्टेजवरून आपोआप खाली उतरत नाही. ते हातानं उतरवावं लागतं, आणि हे शिकवायचं राहून जातं.

माझ्याकडच्या मुलांना मी अगदी साधं काम लावते. कचेरीत, बँकेत, मुलाखतीला जाताना पहिलं वाक्य पाठ करून जायचं. नुसतं मनात नको, तोंडानं दहा वेळा म्हणायचं. आणि आत गेल्यावर तीन गोष्टी टिपायच्या: साहेबांच्या टेबलावर काय पडलंय, बोलताना ते कोणत्या शब्दावर जोर देतात, आणि ते दमलेत की ताजे आहेत. बाहेर येऊन वहीत लिहायचं. एक मुलगा तालमीत हॉल दणाणून सोडायचा आणि कॉलेजच्या तोंडी परीक्षेत गप्प व्हायचा. त्यानं दोन महिने हे केलं आणि परीक्षकाच्या डोळ्यांत बघून बोलायला लागला. दुसऱ्या एकीला याचा काहीच उपयोग झाला नाही, हेही सांगायला हवं. तिची भीती फार खोल होती, तिला झोप लागत नव्हती, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. अशा वेळी नाटक हा उपाय नाही. मी तिला जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडं घेऊन गेले. तुझंही तसं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण मी तुला पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे आणि ती सांगायला मला माझी आई आणावी लागेल.

तेविसाव्या वर्षी एका एकांकिकेत मला एका बाईची भूमिका मिळाली. ती नवऱ्यापासून पैसे लपवते आणि घरात पीठ नाही म्हणून खोटं सांगते. मी ती खट्याळपणे करत होते, डोळे बारीक करून, पदर सावरत. दिग्दर्शकांनी थांबवलं. "हिला काय हवंय?" मी म्हटलं, "पैसे लपवायचेत." ते म्हणाले, "ते ती करते. तिला हवंय काय?" मला सांगता येईना. चार दिवस तोच प्रवेश, तोच प्रश्न. चौथ्या रात्री घरी आले तर आई स्वयंपाकघरात तूरडाळीचा डबा पुढ्यात घेऊन बसलेली. तळाशी हात घालून तिनं पन्नासाच्या दोन नोटा काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. सकाळी मला एस.टी.नं संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, जायचं होतं. त्या डब्यात पैसे असतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि आईच्या त्या सवयीचा मला रागही यायचा. वडिलांपासून चोरून कशाला ठेवायचं, असं वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की तिला पैसे लपवायचे नव्हतेच. लेकीला कुठं जायचं असेल तर त्या दिवशी कुणापुढं हात पसरावा लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी डोळे बारीक केले नाहीत. नुसती डब्याजवळ बसले. दिग्दर्शक काही बोलले नाहीत, पुढच्या प्रवेशाकडं वळले.

तुला माणूस म्हणून काय मिळेल, याचं माझ्याकडचं खरं उत्तर हे आहे. ही बाई कोण, कुठं आहे, किती वाजलेत, तिला काय हवंय, आणि आड काय येतंय, हे प्रश्न भूमिकेला विचारायची सवय लागली की घरातल्या माणसांनाही आपण तेच विचारू लागतो. राग येण्याआधी एक क्षण मधे येतो. आपल्या मातीला हे नवं नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. शास्त्र शिकलेला तो माणूस, पण भारुडांत जोशी होऊन बोलतो, वासुदेव होऊन बोलतो, गोंधळी, फकीर, आंधळा, बहिरा होऊन बोलतो. दुसऱ्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याला काही सांगता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावात भारूड होत असेल तर पुढच्या वेळी सोंग घेणाऱ्याच्या पायांकडं बघ. चाल आधी बदलते, मग आवाज.

त्यावरून शरीराचं आणि आवाजाचं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे शरीराचा, वाणीचा, वेशभूषा-रंगभूषेचा आणि आतल्या भावाचा. नवी मुलं थेट चौथ्याकडं धावतात, रडून दाखवायची घाई असते. मी पहिले दोन महिने शरीर आणि वाणीपलीकडं जाऊ देत नाही. पाठ सरळ, खांदे सैल, श्वास पोटात, शेवटच्या रांगेपर्यंत शब्दाचं शेवटचं अक्षर गेलंच पाहिजे. आपल्याकडं वाक्याचा शेवट गिळायची सवय फार आहे. ती मोडली की शिक्षिका, वकील, ग्रामसेवक, कीर्तनकार, काहीही झालीस तरी आयुष्यभर पुरेल.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण उद्या कुणीतरी टोचून बोलणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. मुंबईत एका दिग्दर्शकानं साऱ्या युनिटसमोर माझ्या "काय करायलीस"ची नक्कल केली होती. मी महिनाभर सेटवर तोंड उघडलं नाही. आता वाटतं, तो महिना वाया घालवला. प्रमाण बोली शीक, ण आणि न, ळ आणि ल यांवर रोज दहा मिनिटं घासून मेहनत कर, कारण ते कामाचं अवजार आहे. पण घरची बोली टाकू नकोस. मकरंद अनासपुरे यांनी इथलीच बोली घेऊन मराठी सिनेमात आपली जागा केली. दोन भाषा येणाऱ्या नटीला दोन प्रकारच्या भूमिका मिळतात. शिवाय इथं आपल्या कानावर दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, पडलेली असते, तिचा हिंदी-उर्दूच्या उच्चारांना उपयोग होतो.

एक सावधगिरीची गोष्ट. काही शिबिरांत मुलांना घरातला मृत्यू, अपमान, अत्याचार आठवायला लावतात आणि रडवतात. मुलं रडली की शिबिर यशस्वी. माझ्या वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा एका शिबिरात माझ्यावर हा प्रयोग झाला. मी रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. जखम उघडायची आणि ती बांधायला कुणी नाही, ही शिकवण्याची पद्धत होऊच शकत नाही. कुणी तुला असं करायला सांगितलं तर नाही म्हण आणि बाहेर ये. भूमिका जड असेल तर प्रयोगानंतर तिच्यातून बाहेर यायचीही रीत असते. मी मेकअप स्वतः पुसते, भूमिकेतल्या बांगड्या स्वतः काढून ठेवते, साडीची घडी घालते, आणि मग कुणाशी तरी जेवणाबद्दल बोलते. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण याशिवाय मी घरी जात नाही.

आता वडिलांचा प्रश्न. त्याचं उत्तर मी गोड करून देणार नाही.

अभिनयात महिन्याचा पगार नसतो. व्यावसायिक नाटकात प्रयोगाचे, म्हणजे नाइटचे पैसे मिळतात. मालिकेत दिवसाचे. महिन्यात किती दिवस बोलावतील ते तुझी भूमिका, कथानक आणि चॅनल ठरवतात, तू नाही. शूटिंगची पाळी बारा तासांची असते, आणि केलेल्या कामाचे पैसे हातात यायला तीन महिने सहज लागतात. तोवर खोलीचं भाडं थांबत नाही. एका निर्मात्यानं माझ्या अकरा दिवसांचे पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत. माझ्याकडं लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून किती वाजता सेटवर गेले, किती वाजता सुटले, हे रोज वहीत लिहिते आणि बोलणी झाली की ती मेसेजवर लिहून घेते.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला सांग. नोंदणी फी, पोर्टफोलिओची सक्ती, कार्ड काढायचे पैसे, "रोल पक्का आहे, फक्त एवढे भरा", असं कुणी म्हणालं की तिथंच संपलं. अंधेरीच्या आराम नगरात रोज शेकडो मुलं ऑडिशन देतात आणि तिथं आत जायला तिकीट नाही. आता तर पहिल्या फेरीला बऱ्याचदा फोनवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात. ते गंगाखेडातूनही होतं. आणि मुलगी म्हणून हेही ठाऊक असू दे की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सेटलाही लागू आहे. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत असेल तर जायचं नाही.

मग कुणी जावं? इथं मला ठाम बोलता येत नाही, कारण ते घरावर अवलंबून आहे. शेतावर कर्ज आहे का, पाठची भावंडं शिकतायत का, वर्षभर कमाई नसली तरी घर तुझ्यावर अडणार नाही ना, आणि सलग पन्नास वेळा नकार ऐकून एक्कावन्नाव्या वेळी नीट आंघोळ करून वेळेवर जायची तुझी तयारी आहे का. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. माझ्याबरोबर गेलेल्यांत माझ्याहून चांगल्या दोन नट्या होत्या, त्या नकारांनी थकून परतल्या. टिकणं हा वेगळा गुण आहे आणि तो कुणात किती आहे हे आधी कळत नाही.

इथून कुणी पोचतच नाही, असंही मनात धरू नकोस. वामन केंद्रे बीड जिल्ह्यातले. ते पुढं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आणि नाटककार प्रशांत दळवी संभाजीनगरच्या रंगभूमीवरून आले, आणि त्यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था गटानं मुंबईला गेली. मला त्यातला 'गटानं' हा भाग फार मोलाचा वाटतो. एकटी मुलगी शहरात जाते तेव्हा तिची निम्मी शक्ती खोली, जेवण आणि एकटेपणा यांतच जाते. चौघी मिळून गेल्या तर एकीला काम नसतं तेव्हा दुसरीचं भाडं चालतं.

तू आत्ता मुंबईला जाऊ नयेस, असं मला वाटतं. बी.ए. पूर्ण कर. मग नाट्यशिक्षणाचे रस्ते उघडतात. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं, तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, आणि निवड झालेल्यांना छात्रवृत्ती मिळते. वडिलांना हे सांगताना 'छात्रवृत्ती' हा शब्द आधी सांग. परभणीत आकाशवाणी केंद्र आहे, नाटकासाठी स्वरचाचणी निघाली की दे. पैसे फार नाहीत, पण माईकसमोर नुसत्या आवाजानं माणूस उभा करायची सवय लागते आणि पुढं डबिंगला कामी येते. भरतीचा फॉर्मही भर. दोन्ही एकत्र चालतं, फक्त परीक्षेच्या आधीचे दोन महिने तालीम बंद ठेव. दोन दगडांवर पाय ठेवलास असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या गटात शिक्षिका आहेत, एक तलाठी आहे, एक परिचारिका आहे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ही माणसं जे काम करतात, ते बघून मी आजही घरी येऊन विचार करत बसते. हौशी म्हणजे कमी प्रतीचं, असं कधी समजू नकोस.

वडिलांना प्रयोगाला बोलावण्याआधी तालमीला बोलाव. प्रयोगात त्यांना रंग लावलेली मुलगी दिसेल, तालमीत मेहनत दिसेल. मानवत तालुक्यातल्या एका मुलीचे वडील तिला कायमचं घरी न्यायला आले होते. तालीम संपेपर्यंत थांबा म्हटलं. ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले. त्या संध्याकाळी दोन मिनिटांचा एकच प्रवेश आम्ही चौदा वेळा केला, कारण तिचं एक वाक्य उशिरा पडत होतं. जाताना ते मला म्हणाले, "बाई, एवढी मेहनत असती व्हय याच्यात? आम्हाला वाटलं नुसता नाच हाय." ते तिला घेऊन गेले, पण दोन दिवसांनी परत सोडून गेले. सगळेच वडील असे वळतील याची खात्री मी देऊ शकत नाही. तुझ्या वडिलांची काळजी पैशाची आहे की लोक काय म्हणतील याची, हे आधी शांतपणे समजून घे. 'यांना काय हवंय' हा प्रश्न इथंही लागू पडतो.

शेवटी तू विचारलंस की गावाहून परभणीला तालमीला येणं जमेल का. रोज जमणार नाही, आणि रोज लागतही नाही. नाटक बसायला लागण्याआधी वाचन चालतं, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस पुरतात. शेवटचे पंधरा दिवस मात्र रोज यावं लागतं, तेवढे दिवस राहायची सोय बघ, मैत्रिणीकडं किंवा नात्यात. पहिल्या दिवशीच गटाला सांग की मला शेवटची गाडी गाठायची असते. जो गट तुझा प्रवेश आधी घेऊन तुला वेळेत सोडतो, तो तुझ्यासाठी चांगला. आणि जो म्हणतो "एवढं तर सहन करावंच लागतं", त्याचं नाटक कितीही नावाजलेलं असलं तरी तिथं थांबू नकोस. येताना दोनशे पानी वही आण. बँकेतल्या साहेबांचं टेबल पहिल्या पानावर उतरव.